चिंचेखालची सात मिनिटं

माझ्या कामाच्या पडद्यावर गजानन परब हा माणूस म्हणजे एक हिरवा ठिपका होता, आणि तो ठिपका जिथे असायला हवा तिथे कधीही नसायचा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला असलेल्या डार्विनमधल्या मूत्रपिंडाच्या रोग्यांना घरून डायलिसिसला न्यायचं आणि परत सोडायचं, यासाठी आमच्याकडे तीन गाड्या होत्या. कोणती गाडी कोणत्या रस्त्याने किती वाजता जाणार हे ठरवणारं सॉफ्टवेअर माझ्या ताब्यात होतं. मी पुण्याची आहे, वेळ ही गोष्ट मनावर घेते. पण सोमवार, बुधवार, शुक्रवार, परतीच्या फेरीला तीन नंबरची गाडी हायवे सोडून समुद्राकडे वळायची, एका जागी सात मिनिटं थांबायची आणि मग काहीच घडलं नाही अशा थाटात पुढे निघायची. सॉफ्टवेअर मला लाल चौकट दाखवून विचारायचं, विलंबाचं कारण काय. डार्विनमध्ये सिग्नलला चार गाड्या साठल्या तर लोक घरी जाऊन सांगतात. अशा गावात मी आठवड्यातून तीनदा कारण लिहायची, ‘ट्रॅफिक’.

हे दोन हजार वीसच्या मार्चमधलं. लहान गावात राहिलं की व्हिसाचे पॉइंट्स जास्त मिळतात म्हणून मी सिडनीच्या गिरावीनमधलं घर आणि घरातला नवरा मागे ठेवून दोन वर्षांच्या बोलीवर उत्तरेला आले होते. आले आणि वर्षभरात सीमा बंद झाल्या. दुर्गम भागातल्या आदिवासी वस्त्यांकडे जाणारे रस्तेही आजार आत जाऊ नये म्हणून बंद झाले. नवरा फोनवर, आई पुण्यात आणि मी एका पंख्याखाली, असं चाललं होतं. त्यामुळे माझा स्वभाव तेव्हा फारसा गोड नव्हता हे कबूल करून टाकते. एके दिवशी ‘ट्रॅफिक’ लिहून लिहून कंटाळले, बॉसकडे तक्रार केली आणि भांडायचं ठरवून गाड्या उभ्या असतात तिथे गेले.

एक उंच, काटकुळा, पन्नाशीचा माणूस गाडीच्या सीटा पुसत होता. खाकी हाफपँट, गुडघ्यापर्यंत मोजे, खांद्यावर पंचा आणि मास्कच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या मिशा. मी आयडी कार्ड पुढे केलं. त्याने कार्डावरचं आडनाव वाचलं, पंचा खांद्यावरून काढला आणि विचारलं, “खयची गो तू?”

मी पुण्याची म्हटलं. एवढ्यावर परबांचं समाधान होत नसे. पुण्यात कुठली, त्याआधी कुठली, आईचं माहेर कुठलं, ऑस्ट्रेलियात आधी कुठे, हे सगळं त्यांना हवं असायचं. मी ॲडलेडच्या मॉसन लेक्सला युनीत होते म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. डबा कुणाचा लावला होतास, त्यात शनिवारी छोट्या बाटलीतून सोलकढी यायची का, असं त्यांनी विचारलं. यायची. ॲडलेडच्या थंडीत, असाइनमेंटच्या ढिगाऱ्यात, त्या बाटलीवर मी दोन सेमिस्टर काढली होती. “ती माजी,” परब म्हणाले आणि पुन्हा सीटा पुसायला लागले. धागा सापडला होता, आता भांडणाला जागाच उरली नव्हती. मी त्या दिवसापासून त्यांना परबदादा म्हणायला लागले, आणि ते मला बाय.

वेंगुर्ल्याजवळच्या खाडीकाठच्या खेड्यातून हा माणूस वयाच्या चाळिशीत कुकरी शिकायला म्हणून ॲडलेडला आला होता. डबे केले, टॅक्सी चालवली, आंब्याच्या बागेत काम मिळालं म्हणून उत्तरेला आला तो तिथलाच झाला. गजाननचं ऑस्ट्रेलियन लोकांनी पहिल्याच आठवड्यात ‘गॅझ’ करून टाकलं होतं, आणि परबांनीही ‘नो वरीज’ म्हणून ते अंगावर चढवलं होतं. मात्र दहा वर्षांत त्यांचं एक दुःख होतं. कुणी त्यांना त्यांचं गाव विचारत नसे. इंडिया म्हटलं की लोकांचं भागायचं. परबांच्या मते हे, तुमचं नाव काय असं विचारल्यावर ‘माणूस’ म्हणून सांगण्यासारखं होतं.

ते दुःख संपवलं आँटी डोरीनने.

आँटी डोरीन ही तीन नंबरच्या गाडीतली सगळ्यात ज्येष्ठ प्रवासी. पांढरे केस, फुलाफुलांचा झगा, पायात काही नाही, आणि गाडीतल्या कुणाचंही बोलणं मध्येच तोडण्याचा अधिकार. तिकडे वडीलधाऱ्या बाईला आँटीच म्हणतात, त्यामुळे आपल्यालाही जड जात नाही. परबांच्या गाडीत पहिल्यांदा चढली तेव्हा बसायच्या आधी तिने विचारलं होतं, “हूज युअर मॉब?” मॉब म्हणजे तुझी माणसं, तुझं कूळ, तुझी जमीन, सगळं एकदम. परबांनी गाडी बंद केली आणि सांगायला सुरुवात केली. खाडी, तिवरांची दाट झाडी, भरतीला बांधापर्यंत येणारं पाणी, चिखलातून आकड्याने ओढून काढायचे खेकडे, आजोळ, मामा, मामांचे मामा. आँटी डोरीन मान हलवत ऐकत राहिली. मग तिने तिचं सांगितलं. त्या दिवशी गाडी चाळीस मिनिटं उशिरा पोचली, आणि माझ्या आधी ह्या खुर्चीत जो कोणी बसत होता त्यानेही बहुतेक ‘ट्रॅफिक’च लिहिलं असणार.

तिचं म्हणणं असं होतं. तिची जमीन डार्विनपासून चार तासांवर, एका नदीकाठच्या पाणथळीत. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी मूत्रपिंडं गेली आणि आठवड्यातून तीन दिवस यंत्राला जोडून घ्यायचं म्हणून ती शहरात येऊन राहिली. अधूनमधून कुणीतरी गाडीने गावी न्यायचं, हात-पाय ओले करून आणायचं. आता रस्तेच बंद. डायलिसिसवरच्या माणसाला ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. यंदाच्या कोरड्या दिवसांत एकदा तरी आपल्या पाण्यात हात घालायचा, एवढंच तिला हवं होतं, आणि ती ते रोज गाडीत चढताना सांगायची, आपण हवापाण्याविषयी बोलतो तसं.

सात मिनिटांचं कोडं सुटावं म्हणून एका बुधवारी मी स्वतःच गाडीत बसले. एक सीट सोडून एक प्रवासी, खिडक्या सताड उघड्या, चार वृद्ध आणि मी. गाडी समुद्राकडे वळली आणि एका जुन्या, ऐसपैस चिंचेखाली थांबली. डार्विनमध्ये चिंच. परबांनी घडीच्या खुर्च्या काढल्या, गळाची काठी आडवी धरून दोन खुर्च्यांमधलं दीड मीटर मोजलं, एकेकाला हात धरून उतरवलं. मी विचारलं, हे झाड इथे कसं. आँटी डोरीन म्हणाली की गोऱ्यांच्या बोटी यायच्या पुष्कळ आधी इंडोनेशियातल्या मकासरचे दर्यावर्दी समुद्रकाकड्या नावाचे जीव गोळा करायला ह्या किनाऱ्यावर यायचे, चिंच त्यांनी आणली, त्यांची आणि आमच्या लोकांची देवाणघेवाण होती, नातीसुद्धा होती. परब माझ्याकडे अशा तोऱ्यात बघत होते की जणू ते मकासरवाले त्यांचे चुलते होते.

मी खाली पडलेली एक चिंच उचलायला वाकले तर आँटी डोरीनने नुसतं बोट वर केलं. आधी विचार, म्हणाली. ही जमीन लाराकिया लोकांची, मीही इथे पाहुणीच. पाहुण्याने आवाज द्यावा, आपण कोण, कुठले, कशाला आलो ते जागेला सांगावं. मला काय करावं कळेना. परबांना मात्र हे नवीन नव्हतंच. त्यांच्या गावात प्रत्येक वळणाला, बांधाला, पाणवठ्याला राखणदार असतो आणि त्याला सांगितल्याशिवाय कुणी कुदळ मारत नाही. त्यांनी पंचा डोक्याला गुंडाळला, समुद्राकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, आमी परमुलखातली माणसा तुज्या सावलेत इलंव. चार चिचो घेतंव, जास्त न्हय. ह्या सगळ्यांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा.” आणि खुर्च्यांवरच्या चारही वृद्धांनी, दीड-दीड मीटरवरून, मास्क खाली ओढून एका सुरात उत्तर दिलं, “व्हय म्हाराजा.”

त्यांना ते पाठ होतं. आठवड्यातून तीनदा म्हणत होते ना. मी हसले, आणि नंतर लक्षात आलं की माझे डोळे भरलेत. कित्येक आठवड्यांत मी माणसांच्या घोळक्यात बसले नव्हते. त्या दिवशीची लाल चौकट आली तेव्हा मी ‘ट्रॅफिक’ लिहिलं आणि मला जराही अपराधी वाटलं नाही.

परबांकडे ओळखीचं शोधून काढायची अशी नजर होती की उत्तर ऑस्ट्रेलिया हा त्यांना वेंगुर्ल्याचाच एक लांबलेला वाडा वाटायचा. पाणथळीतलं पँडॅनस दिसलं की केवड्याची चुलत बहीण. गोॲना रस्ता ओलांडायला लागली की ब्रेक दाबून, घोरपडीला आधी जाऊ द्या. डायलिसिस सेंटरच्या पार्किंगमध्ये, नेमकी डॉक्टरांच्या राखीव जागेत, टिटवीने खडीवर चार अंडी घातली तेव्हा परबांनी भोवती नारिंगी शंकू मांडले आणि पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहिलं, बाळंतीण आहे, गाडी दुसरीकडे लावा. आमच्याकडे रात्री टिटवी ओरडली तर म्हातारी माणसं धसका घेतात, असं मी म्हटलं. परब म्हणाले, ती तिच्या अंड्यांसाठी ओरडते, माणसं उगीच स्वतःकडे ओढून घेतात. डॉक्टर महिनाभर उन्हात गाडी लावत होता. पिल्लं निघाली त्या दिवशी तोच सगळ्यांना बोलवायला आला.

आणखी एक सवय सांगायची राहिली. हा माणूस कधीही ‘बाय’ किंवा ‘गुडबाय’ म्हणून निघत नसे. दारात सोडलं की म्हणायचा, “येतंय.” जाताना येतो म्हणायचं, हे त्याने सगळ्या गाडीला शिकवलं होतं. आँटी डोरीन यंत्राकडे आत जाताना मागे वळून ‘येतंय’ म्हणायची, आणि परब ते ऐकल्याशिवाय गाडी हलवत नसत.

मग एप्रिलच्या शेवटी तिचा भाऊ वारला. तिकडे गावात. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. रस्ते बंद, तिला जाता आलं नाही. ती गाडीत बसायची, पण खिडकीबाहेर बघत. परबांना ते बघवेना, आणि त्यांनी आपल्यापैकी कुणीही केलं असतं तेच केलं. आदल्या वर्षी तो भाऊ बहिणीला भेटायला आला होता तेव्हा चिंचेखाली काढलेला त्याचा फोटो परबांच्या फोनमध्ये होता. त्यांनी तो मोठा करून घेतला, सोनेरी चौकटीत बसवला, इंडियन दुकानातून चंदनाचा हार आणून चढवला, आणि शुक्रवारी सकाळी आँटी डोरीनच्या मांडीवर ठेवला.

आँटीची केली नावाची नात बऱ्याचदा तिच्याबरोबर असायची, विशीतली, आजीचं सगळं बघणारी. तिने मला पुढे सांगितलं ते असं. आजीने एकदा खाली पाहिलं आणि तोंड झग्यात लपवलं. केलीने फोटो उचलून पालथा केला, परबांना इतकंच म्हणाली की अंकल गॅझ, हे आत्ताच्या आत्ता लपव. त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, चेहरा दाखवत नाहीत, बराच काळ. त्याला निवांतपणे आपल्या जमिनीकडे परतता यावं म्हणून. आपण गेलेल्याला भिंतीवर लावून थांबवून ठेवतो, ते त्याची वाट मोकळी करतात. परबांनी मायेने जे केलं त्याने तिला नेमकं लागलं होतं.

सोमवारी माझ्याकडे विनंती आली, डोरीनला दुसरी गाडी द्या.

मी दिली. दुसरं काय करणार. तीन नंबरची गाडी तरीही समुद्राकडे वळत राहिली, आता फेरी संपल्यावर, रिकामी. मी एकदा गेले तर परब चिंचेखाली बसले होते, खुर्ची न मांडता, जमिनीवर. मिशा मास्कच्या आत. तो फोटो त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीत गुंडाळून कपाटात सगळ्यात वर ठेवला होता. केलीला विचारलं होतं की आता काय करू, पाया पडू का, भरपाई काय देऊ. केली म्हणाली होती, काही करू नकोस, थांब. आणि थांबणं हेच परबांना जमत नव्हतं. “माजा चुकला गो बाय,” एवढंच बोलले. मला रस्ता काढता आला नाही. मी शेजारी बसून राहिले. सात मिनिटं झाल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं आणि आम्ही उठलो.

असे सहा आठवडे गेले.

सेंटरच्या मागे, कुंपणाला लागून, एक खंगलेलं झाड होतं. पावसाळ्यानंतर त्याची पानं झडून गेली होती आणि कोणीतरी ते तोडायचा अर्जही केला होता. जूनमध्ये एका सकाळी त्या उघड्या फांद्यांवर पिवळीधमक फुलं आली, हाताच्या ओंजळीएवढी. परब गाडी लावून खाली उतरले आणि तिथेच थबकले. पडलेलं एक फूल उचलून त्यांनी तळहातावर ठेवलं. त्याच वेळी दुसऱ्या गाडीतून आँटी डोरीन उतरत होती. ती थांबली. केलीने तिला पुढे न्यायला हात धरला, तिने तो सोडवला आणि काठी टेकत झाडापर्यंत आली. दीड मीटर राखून उभी राहिली. मग सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिने परबांना प्रश्न विचारला. तुझ्या गावात ह्याला काय म्हणतात.

परबांनी फुलाचा तळहात तिच्याकडे केला. मग म्हणाले, सोनसावर. अगदी हीच नाही, हिची बहीण. आमच्या कातळावर फुलते, पानं नसताना. हे फुललं की आमच्याकडे समजतात, होळी आली.

आँटी डोरीन म्हणाली, हे फुललं की आमच्याकडे समजतात, गोड्या पाण्यातल्या मगरींच्या पोटात अंडी धरली. मग फुलांकडे बघत म्हणाली, फुलं झडायच्या आत मला घरी ने. ‘सन’ म्हणाली त्यांना. मुला. परबांनी पंचाने तोंड पुसलं, नाकापासून कपाळापर्यंत सगळं.

त्याच आठवड्यात रस्ते उघडले होते. आता प्रश्न माझ्या टेबलावर आला. गाडी शहराबाहेर न्यायची नाही, असा नियम. फुलं तीन आठवडे टिकतील, फार तर चार. शुक्रवारी डायलिसिस, पुढचं सोमवारी, मध्ये शनिवार मोकळा. मी आयुष्यात पहिल्यांदा नियमांचं पुस्तक पळवाट शोधण्यासाठी वाचलं. रोग्याच्या मानसिक स्वास्थ्यासाठी विशेष फेरी, असं एक कलम सापडलं, दहा वर्षांत कुणी न वापरलेलं. नर्सची सही, वस्तीचा परवाना, दोन ड्रायव्हर. दुसऱ्या ड्रायव्हरच्या रकान्यात मी माझं नाव घातलं. बॉसने अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं की तू तीच का, जी सात मिनिटांवरून तक्रार घेऊन आली होतीस. मी हो म्हटलं. तिने सही केली.

शनिवारी सकाळी पाचला निघालो. परब, आँटी डोरीन, केली आणि मी. पहिले दोन तास परब अखंड बोलत होते, नंतर रस्ता कच्चा झाला, लाल धूळ उडायला लागली आणि त्यांचं सगळं लक्ष रस्त्यावर लागलं. शेवटच्या टेकाडावर दगडादगडांतून सोनसावरी उभ्या होत्या, शेकडो, एकही पान नाही, नुसती फुलं. आणि खाली पाणी. पांढरी-निळी कमळं, आणि काळ्या-पांढऱ्या रानबदकांचे इतके थवे की काठ हलतोय असं वाटावं.

आँटी डोरीनने आम्हाला गाडीजवळच थांबवलं. केलीचा हात धरून ती पुढे गेली, मगर कुठे नाही ते बराच वेळ न्याहाळलं, मग काठापासून थोडं अलीकडे उभी राहून तिच्या भाषेत हाक मारायला लागली. शहरात पुटपुटल्यासारखं बोलणारी ती बाई. तिचा आवाज पाण्यावरून पलीकडे जाऊन परत येत होता. केलीने आमच्याजवळ परत येऊन हळू आवाजात अर्थ सांगितला. म्हातारी माणसांना सांगतेय, मी आले, उशीर झाला, रागावू नका. मग तिने परबांना पुढे बोलावलं. हा माझा मुलगा, लांबचा आहे, खाऱ्या पाण्याच्या चिखलातला आहे, मला गाडीतून नेतो-आणतो, चुकतो पण माणूस चांगला आहे. ह्याला ओळखून ठेवा. आणि ओंजळभर पाणी तिने परबांच्या डोक्यावर घातलं. पाणी मिशांवरून ठिबकलं. परब सहा फुटांचे, पण तिच्यापुढे वाकून उभे होते, घरी आई न्हाऊ घालताना मुलं उभी राहतात तसे.

मग माझी पाळी. माझं नाव मेधा. तिने ते ‘मेडा’ म्हणून पाण्याला सांगितलं. डोक्यावर पडलेलं ते पाणी गार होतं, आणि मला माझ्या आईची इतकी आठवण आली की मी सरळ रडले.

परबांनी विचारलं, मीपण माझ्या पद्धतीने सांगू का. आँटी डोरीन म्हणाली, सांग, पण मोठ्याने, इथल्या म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं. परबांनी पंचा डोक्याला गुंडाळला आणि तोंड उघडलं, पण पहिल्याच ‘बा देवा म्हाराजा’नंतर त्यांनी पंचा डोळ्यांवर ओढला. आठ वर्षं ते स्वतःच्या गावी गेले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांना गाव विचारत फिरणारा माणूस. पुढचं गाऱ्हाणं त्यांना घालता येईना. तेव्हा आँटी डोरीननेच काठी आपटली आणि न झालेल्या गाऱ्हाण्याला मोठ्याने उत्तर देऊन टाकलं, “व्हय म्हाराजा.” रानबदकं उडाली. केली पोट धरून हसत होती, परब रडता रडता हसत होते, आणि आँटी पाण्यात हात घालून बसली होती, मनगटापर्यंत, डायलिसिसच्या सुया टोचायचा, फिस्टुलाचा गाठाळ हात कोरडा ठेवून. निघेपर्यंत तिने पाण्यातला हात बाहेर काढला नाही.

दोन हजार एकवीसच्या सुरुवातीला दोन वर्षं भरली आणि मी गिरावीनला परतले. काम तेच राहिलं, आता घरून करायचं एवढंच. निरोपाला परबांनी विमानतळावर सोलकढीची छोटी बाटली दिली, सुरक्षा तपासणीवाला ती काढून घ्यायला लागला तेव्हा मी तिथेच उभी राहून पिऊन टाकली. परब काचेपलीकडून ओठ हलवून म्हणाले, येतंय म्हण. मी म्हटलं.

जूनच्या अखेरीला सिडनी बंद झाली. पेंडल हिलच्या स्टेशनजवळच्या दुकानापर्यंत जायचं, मेथी घ्यायची, परत यायचं, एवढंच काय ते जग. जुलैतल्या एका शनिवारी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर तीन नंबरचा हिरवा ठिपका डार्विन सोडून निघाला होता. विशेष फेरीच्या कलमाखालची ती सहावी फेरी होती. आता ते कलम वापरायला लोक रांग लावतात. चहा घेता घेता मी त्याच्याबरोबर चार तास गेले. ठिपका शेवटच्या टेकाडावरून उतरला आणि थांबला.

थोड्या वेळाने फोन वाजला. टेकाडावर चढलं की तिथे दोन काड्या रेंज मिळते. पडद्यावर आधी पिवळी फुलं, मग परबांचे ओले केस. आँटी डोरीनने निरोप दिला होता, म्हणाले, की आता वेळ झाली, तो फोटो आण. गोधडी सोडून त्यांनी तो केलीच्या भिंतीवर स्वतः लावला होता. हार काढू का विचारलं तर आँटीने राहू दे म्हटलं, बरा वास येतो. मग परबांनी फोन खाली पाण्याच्या दिशेने धरला. ती काठाशी उभी होती, ठिपक्याएवढी, आणि हाका मारत होती. भावाचं नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर आणखी दोन-तीन नावं, आणि मग, स्पष्ट, पाण्यावरून उसळून आलेलं, ‘मेडा’.

“जे लांब आसत तेंची नावा घेता,” परब म्हणाले. “वाट चुकाक नको म्हणान. तुजा घेतल्यान. आता येवक होया, बाय.” आणि वळून खाली उतरायला लागले. फोन बंद करायचं विसरले होते, त्यामुळे मला बराच वेळ नुसते त्यांचे मोजे आणि लाल माती दिसत राहिली, आणि खालून कुणीतरी हसल्याचा आवाज.

लॅपटॉपवर लाल चौकट उघडून बसली होती. गाडी थांबलेली आहे, कारण लिहा. ट्रॅफिक, वाहन बिघाड, रोग्याची तब्येत, इतर. मी ‘इतर’ निवडलं आणि पुढच्या जागेत मराठीतच लिहिलं, गावी गेलेत.

ठिपका दुपारपर्यंत हलला नाही. मीही खुर्चीतून हलले नाही.